चलान, तडजोड आणि तारीख

चौकात शिट्टी वाजवून गाडी बाजूला घ्यायला लावणाऱ्या पोलिसाला तुम्हाला शिक्षा करण्याचा अधिकार नाही. अनेकांना हे खोटे वाटेल, कारण वर्षानुवर्षे आपण त्याच चौकात ‘पावती फाडून’ पुढे गेलो आहोत. पण गुन्ह्याची शिक्षा न्यायालयच देते. पोलीस आरोप ठेवतो आणि ठरावीक गुन्ह्यांपुरता एक पर्याय पुढे करतो: प्रकरण न्यायालयात जाऊ द्यायचे, की राज्य सरकारने ठरवून दिलेली रक्कम भरून इथल्या इथे मिटवायचे? ही मुभा मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम २०० ने दिली आहे. सरकारी कागदांत त्या रकमेला तडजोड शुल्क म्हणतात. (चौकात कधीमधी चालते ती मांडवली निराळी. तिची पावती मिळत नाही आणि तिने काही मिटतही नाही.)

एवढे सूत्र हाती असले की पुढचा बराच गुंता सुटतो. मोबाइलवर आलेले ई-चलान म्हणजे निकाल नव्हे. तो आरोपाचा कागद असतो आणि बहुतेक वेळा त्यातच तडजोडीचा प्रस्ताव असतो. प्रस्ताव स्वीकारता येतो, तसा नाकारताही येतो. आपल्यातले बरेच जण तिसरेच काहीतरी करतात. संदेश वाचतात, चडफडतात आणि विसरून जातात. मग कधीतरी लोकअदालतीची नोटीस येते किंवा गाडी विकायला काढल्यावर आरटीओत काम अडते. तोवर कोणत्या चौकात नेमके काय घडले होते, हे कोणालाच आठवत नसते.

चलान उघडल्यावर नजर पहिल्यांदा रकमेवर जाते. ती आधी कलमावर जायला हवी. लाल दिवा ओलांडण्याचेच पाहा. पोलिसांनी हा प्रकार कलम ११९ खाली, म्हणजे वाहतूक चिन्हे न पाळल्याबद्दल, लावला तर शिक्षा कलम १७७ ची: पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत. तोच प्रकार कलम १८४ खाली, धोकादायक वाहन चालवणे म्हणून लावला, तर पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. शिवाय कलम १८४ मधला हातात मोबाइल धरून गाडी चालवण्याचा भाग तेवढा तडजोडीला खुला आहे. सिग्नल तोडणे किंवा उलट दिशेने गाडी घालणे या कलमाखाली आले, तर कायद्याप्रमाणे न्यायालय टळत नाही. कृत्य तेच, चौक तोच, पण कलम बदलले की वाट बदलते. दारू पिऊन गाडी चालवणे, म्हणजे कलम १८५, तडजोडीच्या यादीत नाहीच. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की न्यायाधीशांसमोर उभे राहावे लागते आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला लागणारे कलम १९९अ त्याहून कडक आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. तेही पावतीवर मिटत नाही.

रकमेच्या बाबतीतला घोटाळा २०१९ पासूनचा आहे. त्या वर्षी संसदेने कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाचे आकडे चढले. कलम १७७ चा शंभराचा दंड पाचशेवर गेला, विनापरवाना गाडी चालवण्याचा ५,००० झाला. देशभर बातम्या झाल्या, व्हॉट्सअॅपवर याद्या फिरल्या. महाराष्ट्रात मात्र विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला पत्र लिहून वाढीव रकमांना हरकत घेतली आणि राज्यात त्यांची अंमलबजावणी थांबली. तडजोड शुल्काचे सुधारित दर आले ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये. काही गुन्ह्यांना राज्याने कायद्यातल्या कमाल दंडापेक्षा कमी रक्कम ठरवली. म्हणून एकाच गुन्ह्याचे दोन आकडे कानावर पडतात. एक कायद्यातला, न्यायालय ज्याच्या आधारे दंड करते तो. दुसरा राज्याच्या अधिसूचनेतला, चलानवर छापलेला. ‘कोर्टात गेलो तर कमी होईल’ या भरवशावर चलान नाकारणाऱ्याने हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. न्यायालय चलानवरच्या आकड्याला बांधील नसते. दंड कमी होऊ शकतो, तसा वाढूही शकतो.

आणि पैसे भरले म्हणजे पाटी कोरी झाली, असेही नाही. तडजोड झाली की त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई थांबते, हे कलम २०० मध्येच आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीने त्याला शेपूट जोडले: तोच गुन्हा पुन्हा केला तर आधीची तडजोड पहिला गुन्हा म्हणून धरली जाईल. वेगमर्यादा ओलांडणे, हेल्मेट न घालणे अशा काही गुन्ह्यांत परवाना निलंबित करण्याची वेगळी कार्यवाहीही तडजोडीने टळत नाही. ‘जाऊ दे, भरून टाकू’ म्हणून दुसऱ्याच्या चुकीचे चलान भरणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

आता कागद शोधण्याचे. चलानची नोंद एकाच ठिकाणी बसून राहत नाही. आधी ती पोलिसांकडे असते, तिथून आभासी न्यायालयाकडे किंवा थेट तालुक्याच्या अथवा शहराच्या न्यायालयाकडे जाते. माणूस मात्र पोलिसांच्याच संकेतस्थळावर शोधत बसतो आणि ‘काहीच दिसत नाही, म्हणजे रद्द झाले असणार’ असा सोयीचा निष्कर्ष काढतो. कागद आत्ता कोणाच्या टेबलावर आहे, हे आधी ठरवले तरच पुढचे उत्तर कोणाला द्यायचे ते कळते.

पोलिसांची नोंद सापडायला सर्वांत सोपी. मुंबईत २०१६ मध्ये ई-चलान सुरू झाले आणि पुढे ही पद्धत राज्यभर पसरली. महाराष्ट्र पोलिसांचे संकेतस्थळ महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर आहे. तिथे गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे भरले की त्या गाडीवरची चलाने समोर येतात. चासी क्रमांक आरसीवर असतो. नुसत्या गाडीच्या क्रमांकावर यादी उघडत नाही, हे बरेच आहे. नाहीतर सोसायटीतल्या प्रत्येक गाडीचा इतिहास वॉचमनच्या केबिनमध्ये चघळला गेला असता. प्रत्येक चलानला तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि कॅमेऱ्यातले असेल तर छायाचित्र जोडलेले असते. छायाचित्र उघडून पाहाच. गाडी तुमचीच आहे का, रंग आणि मॉडेल जुळते का, क्रमांकातला ‘८’ खरोखर ‘८’ आहे की मातीने माखलेला ‘३’, हे पैसे भरण्याआधी पाहायचे असते.

चलान दुसऱ्या राज्यातले असेल तर महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर ते सापडण्याची अपेक्षा धरू नये. सुट्टीत कोल्हापूरहून गोव्याला गेलेल्या गाडीने तिकडे गडबड केली असेल, तर शोध केंद्राच्या परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळापासून सुरू करावा. तिथे चलान क्रमांक, वाहन क्रमांक किंवा परवाना क्रमांक या तिन्ही वाटांनी शोधता येते.

‘मला संदेश आलाच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एकच साधे कारण असते. गाडी घेताना डीलरने टाकलेला किंवा आता बंद पडलेला मोबाइल क्रमांक नोंदणीत तसाच राहिलेला असतो. तो परिवहनच्या संकेतस्थळावरून बदलता येतो. उलट बाजूने, ज्यांना संदेश येतात त्यांच्यातले काही संदेश भामट्यांचे असतात. ‘तुमचे चलान पाहा’ म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल येते. ती उघडली की फोन परक्याच्या ताब्यात जातो आणि बँकेचे खाते रिकामे होते. सरकार व्हॉट्सअॅपवर एपीके पाठवून दंड वसूल करत नाही. दुवा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपत नसेल तर हात लावू नये. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. तिथे उशीर महागात पडतो.

दुसरा मुक्काम आभासी न्यायालयाचा, म्हणजे व्हर्च्युअल कोर्टाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीची ही योजना. २०१९ मध्ये दिल्लीत ती सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाहतूक व परिवहन खात्यासाठीचे आभासी न्यायालय नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला आले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा सरन्यायाधीशपदी नागपूरचेच शरद बोबडे होते. संत्र्यांसाठी माहीत असलेले काटोल असे न्यायालयीन नकाशावर ठळक झाले. इथे आरोपी नसतो, साक्षीदार नसतो, काळ्या कोटांची गर्दी नसते. न्यायाधीश पडद्यावर चलान पाहतात, दंडाची रक्कम ठरवतात आणि वाहनधारकाला संदेश जातो. व्हीकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर आधी राज्य आणि खाते निवडायचे, मग मोबाइल क्रमांक, पक्षकाराचे नाव, सीएनआर क्रमांक (न्यायालयीन प्रकरणाचा ओळख क्रमांक) किंवा चलान अथवा वाहन क्रमांक, यांपैकी कशानेही प्रकरण शोधायचे. सापडले की दोन पर्याय दिसतात. दंड भरला तर ती गुन्ह्याची कबुली धरून प्रकरण निकाली निघते. लढायचे आहे असे कळवले तर ते त्या भागाच्या नेहमीच्या न्यायालयाकडे पाठवले जाते. दुसरे बटण दाबणे सोपे आहे, पण त्यानंतर तारखा सुरू होतात हे मनाशी धरूनच दाबावे.

तिसरा मुक्काम हे आपले ओळखीचे न्यायालय: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे. काही शहरांत मोटार वाहन प्रकरणांसाठी त्यातलेच एक न्यायालय राखून ठेवलेले असते. इथली नोंद ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर मिळते. समन्सवर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असेल तर तेवढा पुरतो. त्याची पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची. सीएनआर नसेल तर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून नावाने किंवा प्रकरण क्रमांकाने शोधावे लागते. मुंबईबाहेर अशी किरकोळ फौजदारी प्रकरणे बहुधा ‘एससीसी’ या शीर्षाखाली सापडतात. नावाने शोधताना मराठी नावांचे रोमन लेखन छळते. ‘देशपांडे’मध्ये एक ‘ए’ कमी-जास्त झाला की प्रकरण गायब. म्हणून आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे आणि वर्ष टाकून यादी चाळणे चांगले.

संकेतस्थळावर पुढची तारीख आणि प्रकरणाचा टप्पा दिसतो. पण त्या दिवशी न्यायालयात नेमके काय झाले, हे रोजनाम्यात असते. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेची न्यायालयाची दैनंदिनी. आरोपी हजर होता की गैरहजर, समन्स बजावले की परत आले, वॉरंट निघाले का, सगळे तिथे सापडते. अधिकृत प्रत हवी असेल तर नक्कल विभागात अर्ज करायचा, ठरलेली फी भरायची आणि सही-शिक्क्याची नक्कल घ्यायची. काही जण यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज ठोकतात आणि तो फेटाळला गेला की संतापतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की न्यायालयीन प्रकरणातल्या कागदांच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे मागायच्या, माहिती अधिकारात नाही. माहिती अधिकार पोलिसांकडच्या कागदांसाठी कामाचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

आपले नातलग अमेरिकेत असतील तर त्यांचा अनुभव कागदाच्या या तीन मुक्कामांच्या उलट असतो. न्यू जर्सीत प्रत्येक गावाला, किंवा काही गावांना मिळून, म्युनिसिपल कोर्ट असते. पोलिसाने हातात ठेवलेले तिकीट म्हणजेच त्या न्यायालयाची तक्रार आणि समन्स, आणि त्यावर न्यायालयाचे नाव छापलेले असते. कागद जन्मतःच न्यायालयात असतो. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात मात्र बहुतेक तिकिटे न्यायालयाकडे जातच नाहीत. वाहन खात्याचा स्वतःचा विभाग ती ऐकतो. एडिसनला राहणारा आणि मॅनहॅटनला नोकरी करणारा माणूस रोजच्या प्रवासात दोन वेगळ्या व्यवस्थांना उत्तर देत असतो.

परत आपल्याकडे. चलान खरे असेल, चूक आपली असेल आणि रक्कम मान्य असेल, तर उत्तर एका ओळीचे: मुदतीत भरा, पावती जपून ठेवा. मुदत किती, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. या विषयातले नियम वरचेवर बदलतात. नोटिशीवर छापलेली तारीख खरी.

चूक आपली नसेल तेव्हा खरे काम सुरू होते. पहिली पायरी पोलिसांकडेच आहे. राज्याच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे आणि शहराच्या वाहतूक शाखेत लेखी अर्जही देता येतो. अर्ज देताना भावना कमी आणि कागद जास्त असावेत. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा म्हणजे फास्टॅगचा उतारा, पार्किंगची पावती, गॅरेजचे बिल, सोसायटीच्या कॅमेऱ्याचे चित्रण. दुसऱ्याच कोणी तुमचा क्रमांक लावून गाडी फिरवत असेल तर नुसता वाहतूक शाखेचा अर्ज पुरत नाही. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत अर्जाला जोडावी. तसे न केल्यास चलाने येतच राहतात आणि उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतात.

कॅमेऱ्याच्या चलानबाबत ११ ऑगस्ट २०२१ ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेला नियम १६७अ प्रत्येकाने एकदा वाचावा असा आहे. वेग मोजणारा कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, पोलिसांच्या अंगावरचा कॅमेरा, सगळे त्यात येते. उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवे. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक हवा. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायला हवी. सोबत क्रमांक स्पष्ट दिसणारे छायाचित्र, उपकरणाने केलेले मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, मोडलेली तरतूद आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. हे प्रमाणपत्र तेव्हा भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले. प्रकरण पूर्ण मिटेपर्यंत ही नोंद जपून ठेवण्याची जबाबदारीही यंत्रणेवर आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज इथे उपयोगी पडतो. अमुक दिवशी अमुक ठिकाणी वापरलेल्या उपकरणाच्या प्रमाणपत्राची प्रत द्या, असा नेमका प्रश्न विचारला की तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण एक खबरदारी: पंधरा दिवसांची मुदत उलटली की चलान आपोआप रद्द होते, असे नियमात कुठेही म्हटलेले नाही. तो न्यायाधीशांपुढे मांडण्याचा मुद्दा आहे. तो मांडला जाईपर्यंत चलान जिवंतच राहते. अनेक वाहनचालकांची तक्रार असते की पोलीस स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढतात आणि नंतर सवडीने चलान करतात. तसे करू नये, असे आदेश खात्यातूनच निघालेले आहेत. छायाचित्राची वेळ आणि चलान तयार झाल्याची वेळ यांत मोठे अंतर दिसले तर ते अर्जात जरूर लिहावे.

गाडी तुमची पण चालवणारा दुसरा, हा घरोघरचा प्रश्न. चलान नोंदणीकृत मालकाच्या नावावर येते. गाडी भाचा घेऊन गेला होता की ड्रायव्हर, हे कॅमेऱ्याला कळत नाही. कलम १३३ प्रमाणे चालकाचे नाव-पत्ता पोलिसांनी विचारला तर तो देणे मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा ‘मी नव्हतो’ एवढे सांगून भागत नाही. कोण होता तेही सांगावे लागते. घरातल्या घरात याने काय होते, हा कायद्याच्या पुस्तकाबाहेरचा विषय.

त्याहून दुखरा प्रकार विकलेल्या गाडीचा. गाडी नावावर करण्याच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, गाडी एजंटाच्या हवाली केली आणि माणूस निश्चिंत झाला. कलम ५० सांगते की त्याच राज्यात गाडी विकली असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे. त्यासाठीच फॉर्म २९ आहे. तो एजंटाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर दप्तरी मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात हेच ठरवले: नोंदणीत ज्याचे नाव, तो मालक, मधले व्यवहार कितीही झालेले असोत. चलानच्या बाबतीत तुम्ही विक्रीचा करार आणि ताबा दिल्याची पावती दाखवून पोलिसांना खरा चालक सांगू शकता. पण नाव बदलेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे लागेल. गाडी विकल्यावर महिन्याभराने आपणच परिवहनच्या संकेतस्थळावर जाऊन नाव बदलले का, ते पाहणे ही सवय फार स्वस्त आहे.

पोलिसांनी अर्ज फेटाळला, किंवा गुन्हा तडजोडीचा नसला, तर न्यायालय. समन्स हातात आले म्हणजे अटक होणार, या भीतीला आधार नाही. कलम २०८ प्रमाणे अशा प्रकरणांत समन्समध्येच बहुधा सांगितलेले असते की स्वतः या, वकील पाठवा, किंवा सुनावणीच्या आधी ठरावीक तारखेपर्यंत रजिस्टर्ड पत्राने गुन्हा कबूल करून समन्समध्ये लिहिलेली रक्कम पाठवा. पत्राने कबुली दिली आणि रक्कम भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे काही होत नाही आणि त्या कबुलीमुळे परवानाही जात नाही, असे त्याच कलमात आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही किरकोळ गुन्ह्यांसाठी पत्राने कबुलीची सोय आहे, पण तिथून मोटार वाहन कायद्याचे गुन्हे मुद्दाम वगळले आहेत, कारण त्यांची स्वतःची वाट आधीपासून आहे. ही वाट आज जवळजवळ कोणीच वापरत नाही, हे मला खटकते. परगावी चलान झालेल्या माणसासाठी ती खरी सोय आहे.

स्वतः जायचे असेल तर सकाळी न्यायालयाबाहेर लावलेल्या बोर्डावर आपले प्रकरण कितव्या क्रमांकावर आहे ते पाहावे आणि पुकाऱ्याच्या टप्प्यात राहावे. चहाला गेलेल्या माणसाचा पुकारा नेमका तेव्हाच होतो. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात: गुन्हा कबूल आहे का? कबूल असेल तर दंड सांगतात. तो भरून पावती घ्यायची आणि प्रकरण संपले. नाकबूल म्हटले तर आरोप सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर येते. पोलिसाला साक्षीला यावे लागते, छायाचित्राचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. त्यासाठी पुढची तारीख मिळते, मग तिच्या पुढची. पाचशे रुपयांसाठी तीन दिवसांची मजुरी बुडवायची का, हा हिशेब प्रत्येकाने आपापला करायचा. रिक्षाचालकाचा हिशेब आणि पगारी रजा असलेल्या माणसाचा हिशेब एक नसतो. वकील सक्तीचा नाही. घ्यायचा असेल आणि परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना ही मदत उत्पन्न न पाहता मिळते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते.

न जाणे मात्र कोणालाच परवडत नाही. समन्स बजावूनही गैरहजर राहिले तर जामीनपात्र वॉरंट निघते, त्यानंतर अजामीनपात्र. हेल्मेटच्या चलानसाठी पोलीस वॉरंट घेऊन दारात येणे हास्यास्पद वाटते खरे, पण तोपर्यंत विषय हेल्मेटचा राहिलेला नसतो. तो न्यायालयाचा आदेश न पाळण्याचा झालेला असतो.

जुन्या चलानबाबत एक मुद्दा नेहमी अर्धाच सांगितला जातो. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाने घेऊ नये, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ सांगते. वर्षभरापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला ही मुदत एक वर्ष आहे. ‘सहा महिने झाले, चलान मेले’ हा सल्ला इथून येतो. उरलेला अर्धा भाग असा: मुदत मोजायची ती प्रकरण न्यायालयात दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ठरवले आहे, आणि पुरेसे कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तेव्हा मुदत संपली असे म्हणण्याआधी प्रकरण कधी दाखल झाले ते ई-कोर्ट्सवर पाहावे. ते दाखलच झाले नसेल, तर हा मुद्दा भक्कम आहे.

बहुतेक लोकांची गाठ पडते ती लोकअदालतीशी. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चार वेळा भरते आणि त्याआधी थकीत चलानांच्या नोटिसा मोबाइलवर येतात. त्यांत ‘दाखलपूर्व’ असा शब्द असतो. अर्थ असा की प्रकरण अजून न्यायालयात गेलेले नाही. जाण्याआधी मिटवायचे असेल तर या. लोकअदालत कोणावर निर्णय लादत नाही. दोन्ही बाजूंची संमती झाली तरच निवाडा होतो आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही. ‘निम्म्यात मिटते’ अशी हवा दरवेळी उठते आणि लोक पहाटेपासून रांगा लावतात. सवलत मिळणे न मिळणे त्या त्या वेळच्या धोरणावर आणि पॅनेलवर असते. ती हक्क म्हणून मागता येत नाही. जाण्याआधी आपल्या सगळ्या चलानांची यादी छापून घ्यावी आणि चुकीच्या चलानांवर खूण करावी. रांगेच्या घाईत सगळे एकदम भरून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि चुकीचे चलान तेवढ्यात कबूल होऊन जाते. दारू पिऊन गाडी चालवल्याचे प्रकरण घेऊन इथे जाण्यात अर्थ नाही. जे तडजोडीला खुले नाही, त्यावर लोकअदालतीला अधिकारच नाही.

प्रकरण मिटल्यावर आणखी एक काम उरते आणि ते जवळजवळ सगळे विसरतात. न्यायालयातला निकाल पोलिसांच्या आणि परिवहनच्या यादीत पोचायला वेळ लागतो. कधी तो पोचतच नाही. निर्दोष सुटलेला माणूस वर्षाने गाडी विकायला जातो आणि चलान ‘थकीत’ दिसते. म्हणून निकालाची किंवा दंडाच्या पावतीची सही-शिक्क्याची नक्कल लगेच काढून घ्यावी. दोन आठवड्यांनी संकेतस्थळ पुन्हा उघडावे आणि नोंद तशीच असेल तर नक्कल जोडून वाहतूक शाखेत अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. खिडकीवरचा माणूस ‘होईल आपोआप’ म्हणाला तरी पोच मागावीच.